‘कॉम्प्लेक्स फोर कमी आहे’ असा अहवाल आला, तर तो कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ चौदा महिन्यांचे. आठव्या महिन्यापर्यंत सगळे ठीक होते. मग तापाचे एक आजारपण झाले आणि त्यानंतर बसणे थांबले, मान लटपटू लागली, वजन वाढेनासे झाले. हातापायांवर लव जास्त दिसते. रक्तातले लॅक्टेट वाढलेले आहे, एमआरआयमध्ये ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) दोन्ही बाजूंना सारखेच डाग आहेत. मांडीच्या स्नायूच्या बायोप्सीत ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज (कॉम्प्लेक्स फोर) : निरोगी नमुन्यांच्या सरासरीच्या २२ टक्के’ असे लिहून आले आहे. आईवडिलांना विचारायचे आहे की हे प्रथिन करते काय, ते कमी का झाले, औषध आहे का आणि पुढच्या बाळालाही हेच होईल का.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. ‘कॉम्प्लेक्स फोर कमी’ हे आजाराचे नाव नाही. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे एवढेच ते सांगते. त्या टप्प्यावर बिघाड होण्याची कारणे डझनांनी आहेत. त्यातली काही जीवघेणी आहेत, काही उपचाराने सुधारतात, आणि एक तर असे आहे की बाळाला काही महिने सांभाळले तर ते आपोआप बरे होते. म्हणून २२ टक्के हा आकडा पाहून भविष्य सांगू नये, आणि कोणी सांगितले तर लगेच मानू नये.

आता प्रथिनाकडे वळू. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेच्या, आतल्या पडद्यात श्वसनसाखळी बसवलेली असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका संकुलाकडून (अनेक प्रथिन-तुकड्यांचा जोडलेला समूह, म्हणजेच ‘कॉम्प्लेक्स’) दुसऱ्याकडे जातात. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे या साखळीतले चौथे आणि शेवटचे संकुल. ते सायटोक्रोम सी या छोट्या प्रथिनाकडून एकेक करून चार इलेक्ट्रॉन घेते, प्राणवायूच्या एका रेणूवर ठेवते आणि पाण्याचे दोन रेणू तयार करते. त्याच वेळी चार प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलते. पलीकडे साठलेले हे प्रोटॉन परत आत येताना एटीपी सिंथेज हे एन्झाइम फिरवतात आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतो. विश्रांतीत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर प्राणवायू वापरतो, आणि त्यातला सुमारे ९० टक्के या एकाच एन्झाइमपाशी खर्च होतो. फुप्फुसे, हृदय, हिमोग्लोबिन या सगळ्यांची धडपड प्राणवायू इथवर पोचवण्यासाठी असते.

बांधकामावर घमेली हातोहात पुढे देणारी रांग डोळ्यासमोर आणा. शेवटच्या माणसाने घमेले रिकामे करणे थांबवले की मागचे सगळे भरली घमेली हातात घेऊन उभे राहतात. इथेही तसेच होते. चौथे संकुल अडले की मागची संकुले इलेक्ट्रॉनांनी भरून जातात, साखळीला इलेक्ट्रॉन आणून देणारे एनएडीएच वापरले जात नाही, आणि पेशी ग्लुकोजचे पायरुव्हेट करून ते लॅक्टेटकडे वळवते. रक्तातले लॅक्टेट वाढते ते यामुळे. जिथे ऊर्जेची गरज अखंड असते तिथे फटका आधी बसतो: मेंदूचा गाभा, हृदय, स्नायू, यकृत.

याची बांधणी समजली तर कारणे समजायला सोपे जाते. माणसात हे संकुल १४ तुकड्यांचे असते. गाभ्यातले तीन तुकडे, म्हणजे कॉक्स-१, कॉक्स-२ आणि कॉक्स-३ (‘कॉक्स’ हे सायटोक्रोम सी ऑक्सिडेजचेच लघुरूप), मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवर लिहिलेले असतात आणि ते फक्त आईकडून येतात. उरलेले ११ केंद्रकातल्या जनुकांवर असतात, म्हणजे त्यांच्या प्रती आई आणि वडील दोघांकडून येतात. गाभ्यात लोह असलेले दोन हीम बसतात, हीम-ए आणि हीम-ए३. शिवाय तांब्याची दोन केंद्रे असतात: कॉक्स-२ मध्ये तांब्याचे दोन अणू, कॉक्स-१ मध्ये एक. प्राणवायू हीम-ए३ आणि कॉक्स-१ मधले तांबे यांच्या मधोमध पकडला जातो. बैलाच्या हृदयातल्या या एन्झाइमची रचना जपानमधील त्सुकिहारा, योशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जर्मनीत हार्टमुट मिशेल यांच्या गटाने जिवाणूतल्या एन्झाइमची रचना दाखवली. त्याच्या कितीतरी आधी, कार्बन मोनॉक्साइडने श्वसन थांबते आणि प्रकाश पाडला की पुन्हा सुरू होते या निरीक्षणावरून ओटो वॉरबुर्ग यांनी या एन्झाइममध्ये हीम असल्याचे ओळखले होते. १९३१ चे नोबेल त्यांना या ‘श्वसन-एन्झाइम’वरच्या कामासाठी मिळाले.

पण १४ तुकडे तयार झाले म्हणजे संकुल तयार झाले असे होत नाही. ते जोडायला, तांबे नेऊन बसवायला, हीम-ए तयार करायला वेगळे मदतनीस लागतात. असे तीसहून अधिक मदतनीस माहीत आहेत आणि अंतिम संकुलात त्यांच्यापैकी कोणीही राहत नाही. गवंडी निघून गेल्यावर घर उभे राहते तसे. लहान मुलांमधल्या एकट्या कॉम्प्लेक्स फोरच्या आजारात दोष बहुतेक वेळा या मदतनिसांत सापडतो, तुकड्यांत क्वचित.

अहवाल किती खरा?

कारण शोधण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. हे मोजमाप नाजूक आहे. पद्धत अशी: स्नायूचा गर केला जातो, सायटोक्रोम सीचे आधी क्षपण केले जाते (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन दिले जातात), आणि गर मिसळल्यावर ५५० नॅनोमीटरला शोषण किती वेगाने कमी होते ते मोजतात. साधारणपणे ५० मिलीमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७, आणि ५० ते ६० मायक्रोमोलर क्षपित सायटोक्रोम सी वापरतात. शेवटी पोटॅशियम सायनाइड घातल्यावर वेग शून्यावर आला पाहिजे. जो वेग सायनाइडने थांबत नाही, तो या एन्झाइमचा नव्हे.

चुका कुठे होतात? सायटोक्रोम सी पुरेसे क्षपित नसेल तर वेग खोटा कमी येतो. म्हणून ५५० आणि ५६५ नॅनोमीटरच्या शोषणाचे गुणोत्तर तपासतात, ते ६ पेक्षा जास्त हवे. क्षपणासाठी घातलेले डायथायोनाइट हे रसायन जास्त पडले तर ते एन्झाइमने ऑक्सिडाइज केलेले सायटोक्रोम सी पुन्हा क्षपित करत राहते, आणि वेग दिसतच नाही. डिटर्जंट कमी पडला तर पडदे फुटत नाहीत आणि सायटोक्रोम सी एन्झाइमपर्यंत पोचत नाही. जास्त पडला तर संकुलच मोडते. प्रयोगशाळेत ही काळजी घेतली जाते असे धरू. तरी सर्वांत मोठी चूक शस्त्रक्रियागृहात होते. तुकडा काढल्यावर तो सलाईनच्या ओल्या गॉजवर अर्धा तास पडून राहतो, किंवा फॉर्मलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मलिनमध्ये गेलेला तुकडा या चाचणीसाठी कायमचा निकामी. योग्य रीत म्हणजे काही मिनिटांत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणे, आणि प्रयोगशाळेपर्यंत कोरड्या बर्फात नेणे. वाटेत एकदा वितळून पुन्हा गोठलेला तुकडा खोटा कमी आकडा देतो.

म्हणून अहवालात तीन गोष्टी शोधा. पहिली, सायट्रेट सिंथेजचे मोजमाप. हे मायटोकॉन्ड्रियाच्या संख्येचे माप आहे आणि चौथ्या संकुलाचा आकडा त्याला भागून दिलेला हवा. बाळ महिनोन्महिने निजून असेल तर स्नायूत मायटोकॉन्ड्रियाच कमी होतात, आणि न भागलेला आकडा त्यामुळे कमी दिसतो. दुसरी, बाकीच्या संकुलांचे आकडे. फक्त चौथे कमी आणि पहिले, दुसरे, तिसरे ठीक असेल तर मदतनीस जनुकांकडे पाहायचे. पहिले, तिसरे, चौथे तिन्ही कमी आणि दुसरे मात्र ठणठणीत असेल, तर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत किंवा त्याच्या प्रथिननिर्मितीत दोष आहे, कारण दुसऱ्या संकुलाचे सगळे तुकडे केंद्रकातून येतात. सगळीच संकुले सारख्या प्रमाणात कमी असतील तर आधी तुकडा खराब झाल्याचा संशय घ्यावा. तिसरी गोष्ट, तुलनेचे नमुने कोणत्या वयाचे होते. बाळाची तुलना प्रौढांशी केलेली असेल तर त्या टक्केवारीला फारसा अर्थ नाही.

आणि २२ टक्क्यांचा अर्थ? रूढ निकषांत एका ऊतीत २० टक्क्यांच्या खाली असेल तर तो ‘प्रमुख’ पुरावा, २० ते ३० च्या मध्ये असेल तर ‘गौण’. म्हणजे २२ हा आकडा आजाराकडे बोट दाखवतो, पण एकट्याच्या बळावर निदान ठरवत नाही. एमआरआय, लॅक्टेट आणि तापानंतरची घसरण जोडली की चित्र नक्कीच गंभीर होते. त्वचेच्या पेशींत तपासणी सामान्य आली तर बाळ निरोगी, असेही समजू नका. बऱ्याच मुलांत दोष स्नायूत दिसतो आणि त्वचेच्या पेशींत दिसत नाही.

बायोप्सीचा दुसरा भाग सूक्ष्मदर्शकाखालचा असतो. गोठवलेल्या तुकड्याचे ८ ते १० मायक्रॉनचे काप घेऊन आधी कॉक्सचे डायअमिनोबेंझिडिन रंजन करतात, त्याने स्नायूचे निरोगी तंतू तपकिरी होतात. त्यावरच दुसऱ्या संकुलाचे निळे रंजन चढवतात. ज्या तंतूत चौथे संकुल नाही तो तपकिरी न होता निळा उठून दिसतो. इथे निळ्या तंतूंची विखुरणी पाहावी. मधूनमधून एखादा निळा आणि शेजारचा तपकिरी, असे ठिपक्याठिपक्यांचे चित्र असेल तर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला दोष संभवतो, कारण दोषी आणि निरोगी डीएनएचे प्रमाण प्रत्येक तंतूत वेगळे असते आणि दोषी डीएनए साधारण ६० ते ९० टक्क्यांच्या उंबरठ्यापलीकडे गेल्यावरच एन्झाइम बंद पडते. सगळेच तंतू एकसारखे फिके असतील तर केंद्रकातल्या जनुकाचा दोष धरून चालावे. प्रौढांच्या बायोप्सीत वयही पाहावे लागते. पन्नाशीनंतर काही निळे तंतू वयामुळेच दिसतात, म्हणून ५० च्या आत २ टक्क्यांपेक्षा जास्त आणि ५० नंतर ५ टक्क्यांपेक्षा जास्त असतील तरच त्यांना प्रमुख पुरावा धरतात. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस या उतारवयातल्या स्नायूंच्या आजारातही असे तंतू भरपूर असतात. साठीच्या माणसाला त्यावरून ‘आनुवंशिक मायटोकॉन्ड्रियल आजार’ सांगून टाकणे चूक आहे.

कोणते जनुक?

तुम्ही दिलेले वर्णन, म्हणजे पहिले काही महिने ठीक, तापानंतर घसरण, ब्रेनस्टेममधले सममित डाग, वाढलेली लव, एकट्या चौथ्या संकुलाची कमतरता, लीह सिंड्रोमच्या सर्फ-१ प्रकाराशी जुळते. लीह सिंड्रोम म्हणजे ऊर्जा कमी पडून मेंदूच्या खोल भागांत दोन्ही बाजूंना सारखे डाग पडणारा, बहुधा लहान मुलांतला आजार; तो डेनिस लीह यांनी १९५१ मध्ये वर्णन केला. सर्फ-१ हे जनुक ९व्या गुणसूत्रावर आहे. त्यातले दोष या आजाराशी १९९८ मध्ये जोडले गेले, आणि चौथ्या संकुलाच्या कमतरतेतून होणाऱ्या लीहचे ते सर्वांत सामान्य कारण ठरले. सर्फ-१ हा संकुल जुळवण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावरचा मदतनीस आहे. तो नसला तरी थोडे एन्झाइम तयार होतेच, म्हणून आकडा शून्य येत नाही.

बाकीची जनुके वेगळी लक्षणे घेऊन येतात, आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. एससीओ-२ तांबे पोचवते. त्यातल्या दोषात जन्मानंतर काही आठवड्यांतच हृदयाचा स्नायू जाड होतो. एससीओ-१ मध्ये यकृत आधी बिघडते. कॉक्स-१० आणि कॉक्स-१५ (नाव तसे असले तरी हे तुकडे नव्हेत, मदतनीस) हीम-ए तयार करतात. त्यांच्या दोषांत हृदय, मेंदू, कधी मूत्रपिंडाच्या नलिका किंवा रक्तक्षय दिसतो. कॅनडातल्या क्वेबेकच्या सागने-लाक-सें-जां भागात एलआरपीपीआरसी या जनुकाच्या दोषामुळे होणारा लीहचा प्रकार इतका पसरलेला आहे की तिथे साधारण २३ जणांमागे एक वाहक सापडतो. आपल्याकडे तो पहिल्यांदा शोधायची गरज नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतले ४९७७ बेस गळालेले ‘कॉमन डिलिशन’ कॉक्स-३ जनुक घेऊन जाते. त्यात पापण्या ओघळतात, डोळ्यांची हालचाल मंदावते, पण ते सहसा मोठ्या मुलांत किंवा प्रौढांत.

आता ती गोष्ट, जी प्रत्येक अतिदक्षता विभागात माहीत असायला हवी. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल, अंग एकदम लुळे, दूध ओढत नाही, व्हेंटिलेटर लागला, लॅक्टेट खूप वाढले, स्नायूत कॉक्स जवळपास शून्य, पण मेंदूचा एमआरआय ठीक असेल, तर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला एम.१४६७४ टी>सी हा बदल तपासल्याशिवाय ‘आता काही उपयोग नाही’ असे म्हणू नये. हा बदल प्रथिन जोडताना ग्लुटामेट वाहून आणणाऱ्या टीआरएनए या रेणूत आहे, २००९ मध्ये सापडला. अशी बाळे काही महिने जीवनरक्षक आधारावर राहतात आणि पाचव्या ते विसाव्या महिन्याच्या दरम्यान स्नायू आपोआप सुधारू लागतात. दोन-तीन वर्षांची झाली की बहुतेक चालतात, थोडा अशक्तपणा उरतो. बायोप्सीत मात्र ही बाळे जीवघेण्या प्रकारासारखीच दिसतात. सुधारणाऱ्या बाळाचा व्हेंटिलेटर काढणे यासारखी दुसरी चूक नाही. याच जातीचे टीआरएमयू जनुक आहे, त्यात बाळाचे यकृत निकामी होते, पण सिस्टीन किंवा एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन देऊन तो काळ काढता येतो.

तुमचे बाळ त्या वयापलीकडे आहे आणि एमआरआय बिघडलेला आहे, म्हणून ही शक्यता इथे कमी आहे. पण एक वेगळी शक्यता आजच हाताळायला हवी. एसएलसी१९ए३ जनुकाच्या दोषात मेंदूत थायमिन पोचत नाही, एमआरआय लीहसारखा दिसतो, तापानंतरच घसरण होते, आणि बायोटिन व थायमिन दिले तर मूल चक्क सुधारते. त्यात डाग बहुधा कॉडेट, पुटामेन आणि थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागांत असतात, पण लहान बाळांत चित्र मिसळते. जनुकीय अहवालाला आठवडे लागतात. तोवर बायोटिन किलोमागे रोज ५ ते १० मिलीग्रॅम आणि थायमिन किलोमागे ४० मिलीग्रॅमपर्यंत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू करणे योग्य. नुकसान नाही, आणि वाट पाहण्यात मात्र मोठा धोका आहे.

तांबे, जस्त आणि घरचे उपाय

एन्झाइमच्या गाभ्यात तांबे आहे हे वाचल्यावर अनेक घरांत तांब्याच्या भांड्यातले पाणी सुरू होते. सर्फ-१ च्या दोषात शरीरात तांबे कमी नसते, जोडणी बिघडलेली असते, म्हणून याचा उपयोग नाही. एससीओ-२ च्या दोषात प्रयोगशाळेतल्या पेशींना तांबे दिल्यावर एन्झाइम सुधारले हे खरे, पण त्यावरून बाळाला घरी तांबे पाजू नये. आपल्याच भागात याचा धडा मिळालेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील शीला भावे, आनंद पंडित आणि इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात दाखवले की पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या आणि ठेवलेल्या दुधातून लहान बाळांच्या पोटात गेलेले तांबे आणि इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस हा यकृताचा आजार यांचा संबंध आहे.

खरी तांब्याची कमतरता प्रौढांत होते, आणि ती ओळखली तर बरी होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जठराची किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली असते, किंवा महिनोन्महिने जस्ताच्या गोळ्या चालू असतात. जस्त आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढवते, ते तांब्याला धरून ठेवते, आणि पेशी झडली की तांबे मलावाटे निघून जाते. कोविडच्या काळात ५० मिलीग्रॅम जस्ताच्या गोळ्या घराघरात आल्या आणि काहींनी त्या थांबवल्याच नाहीत. लक्षणे: पाय जड, चालताना तोल जातो, तळव्यांना बधिरपणा, सोबत रक्तक्षय आणि पांढऱ्या पेशी कमी. हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखे. बी-१२ ची इंजेक्शने देऊनही चाल सुधारत नसेल तर सीरम कॉपर (रक्तातले तांबे), सेरुलोप्लाझमिन (रक्तात तांबे वाहणारे प्रथिन) आणि जस्त हे तिन्ही तपासा. सीरम कॉपर साधारण ७० ते १४० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. जस्त थांबवून तांबे दिले की रक्त काही आठवड्यांत सुधारते, मज्जारज्जूचे नुकसान मात्र अनेकदा आहे तिथेच थांबते. उशीर महागात पडतो तो इथे.

कोएन्झाइम क्यू-१० बद्दल हमखास विचारले जाते. ते पहिल्या-दुसऱ्या संकुलांकडून तिसऱ्याकडे इलेक्ट्रॉन नेते. अडथळा चौथ्यावर असेल तर मागून कितीही रेटले तरी पुढची वाट बंदच आहे. क्यू-१० च्या स्वतःच्या जनुकीय कमतरतेत ते औषध आहे. इथे दिले तर हानी नाही, पण महिन्याला हजारो रुपये घालवण्याआधी ही गोष्ट ठाऊक असावी.

हेच एन्झाइम आणि विषे

निरोगी माणसातही हे एन्झाइम काही मिनिटांत बंद पडू शकते. सायनाइड हीम-ए३ च्या लोहाला धरते. आग लागलेल्या घरात फोम, लोकर, प्लास्टिक जळून सायनाइड निघते. धुरातून काढलेल्या माणसाची शुद्ध हरपलेली असेल, रक्तदाब पडलेला असेल आणि लॅक्टेट १० मिलीमोल प्रति लिटरच्या वर असेल तर सायनाइड धरून चला. शिरेतले रक्तही लालभडक दिसू शकते, कारण पेशी प्राणवायू घेतच नाहीत. उतारा म्हणजे हायड्रॉक्सोकोबालामिन, प्रौढाला ५ ग्रॅम शिरेतून १५ मिनिटांत, मुलाला किलोमागे ७० मिलीग्रॅम. नेहमीची बी-१२ ची इंजेक्शने इथे चालत नाहीत: मात्रा हजारो पटींनी कमी असते, आणि सायनोकोबालामिनच्या रेणूत सायनाइड आधीच असते. सोडियम थायोसल्फेट १२.५ ग्रॅम हा दुसरा पर्याय, पण त्याचा परिणाम सावकाश. सोडियम नायट्राइट धुराच्या रुग्णाला देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडने आधीच अडलेल्या रक्तात ते मेथहिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहू न शकणारे हिमोग्लोबिन, वाढवते.

गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरलेले सफाई कामगार ज्या हायड्रोजन सल्फाइडने मरतात, ते याच जागी अडथळा आणते. मोठ्या मात्रेत त्याचा वासही जाणवेनासा होतो, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही हे खोटे. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओल लागताच फॉस्फिन वायू सोडतात, तोही या एन्झाइमला रोखतो, आणि त्यावर उतारा नाही. पोती झोपायच्या खोलीत ठेवू नका, शेजारच्या बंद खोलीतही नको.

औषधांत लिनेझोलिड लक्षात ठेवा. ते प्रतिजैविक आहे; जिवाणूंचे रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारी यंत्रे, अडवते आणि मायटोकॉन्ड्रियाचे रायबोसोमही बरेचसे तसेच असल्याने कॉक्स-१, २, ३ तयार होणे मंदावते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात ते रोज ६०० मिलीग्रॅम महिनोन्महिने द्यावे लागते. पायांची आग, नजर आणि लाल-हिरव्या रंगांची ओळख मंदावणे, रक्तक्षय, लॅक्टेट वाढणे, हे त्याचे परिणाम. दर महिन्याला रंगओळख आणि दृष्टी तपासली तर वेळेत औषध थांबवता किंवा कमी करता येते. रुग्णाने स्वतःहून मात्र बंद करू नये.

आता या बाळासाठी

जनुकीय तपासणीत एक्सोमबरोबर (प्रथिने लिहिणाऱ्या सगळ्या जनुकभागांचे एकत्र वाचन) मायटोकॉन्ड्रियाचा पूर्ण डीएनएही मागा, आणि तो शक्यतो स्नायूच्या उरलेल्या तुकड्यातून. रक्तात काही दोषांचे प्रमाण वयानुसार घटते आणि चाचणी खोटी नकारात्मक येते. लॅक्टेट पुन्हा करायचे तर बाळ रडत, हात आवळून धरलेला असताना घेतलेला नमुना धरू नका. टूर्निके (दंडाचा पट्टा) न बांधता, फ्लोराइडच्या नळीत, बर्फावर, लगेच प्रयोगशाळेत.

आजाराला मुळापासून बरे करणारे औषध सर्फ-१ साठी आज नाही. बरीच मुले बालपणातच दगावतात, काही किशोरवयापर्यंत पोचतात. हे लपवून ठेवू नये. पण घसरण बहुतेक वेळा पायरीपायरीने होते आणि प्रत्येक पायरी एखाद्या तापाला किंवा उपासाला चिकटलेली असते. तिथे खूप काही करता येते. ताप आला की वाट न पाहता पॅरासिटामोल वजनानुसार. चार-पाच तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नये, रात्रीही. उलट्या होत असतील तर रुग्णालयात १० टक्के डेक्स्ट्रोजयुक्त द्रव, सोबत सोडियम-पोटॅशियम. रिंगर लॅक्टेट टाळावे. डेक्स्ट्रोज चालू असताना लॅक्टेट मोजत राहावे. ते चढत गेले तर पीडीएच या वेगळ्या एन्झाइमच्या दोषाचा विचार करून ग्लुकोज कमी करावे लागते. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट नको, लेव्हेटिरासिटाम चालते. भूल देताना प्रोपोफॉलचे लांबलेले इन्फ्युजन नको. गिळताना ठसका लागत असेल तर नळीने दूध देणे लांबवू नका. ठसक्यातून होणारा न्यूमोनिया हा या मुलांचा मोठा शत्रू आहे. नियमित लसी द्याव्यात. लसीनंतरच्या तापासाठी औषध हाताशी ठेवावे, पण खरा गोवर किंवा फ्लू कितीतरी जास्त नुकसान करतो. हे सगळे एका कागदावर लिहून बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावा. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरांना लीह सिंड्रोम आठवेलच असे नाही.

पुढच्या बाळाचा प्रश्न जनुकावर अवलंबून आहे. सर्फ-१ सारख्या जनुकात आईवडील दोघे वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेले असेल तर एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. ही माहिती डॉक्टरांना सांगताना संकोच नको, त्यात कोणाचा दोष नाही. बाळातला बदल सापडला आणि तो दोन्ही पालकांत पडताळला, तर पुढच्या वेळी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलातून निश्चित उत्तर मिळते. दोष मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत असेल तर वडिलांकडून धोका नाही, आणि आईच्या बीजांडात दोषी प्रती किती उतरतील ते दर वेळी वेगळे असते. तिथे सल्ला वेगळा द्यावा लागतो. फक्त एन्झाइमच्या टक्केवारीवर गर्भाची तपासणी करू नये. बदल हाती नसेल तर त्या आकड्याचा भरवसा नाही.

म्हणून एक काम आत्ताच करा: बाळाचा आणि दोघा पालकांचा डीएनए साठवून ठेवायला सांगा, स्नायूचा उरलेला तुकडा उणे ८० अंशांवर ठेवला आहे का ते लेखी विचारा. पहिल्या एक्सोममध्ये काही सापडले नाही तर दोन वर्षांनी तोच कच्चा डेटा पुन्हा वाचायला द्या. नवी जनुके दरवर्षी सापडतात आणि जुन्या अहवालातले ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहिलेले बदल पुढे निश्चित होतात. तो डेटा मिळवायचा हक्क तुमचा आहे, आणि प्रयोगशाळा तो किती काळ ठेवते हे नमुना देतानाच विचारायचे.